चार रुपये पगाराचा गोलंदाज आणि कोट्यवधींचा लिलाव

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव आता पूर्वीचे राहिलेले नाही. शेजारी हिंजवडीला आयटी पार्क आला आणि पाठोपाठ बिल्डर आले. शेतजमिनींचे प्लॉट पडले, प्लॉटवर टॉवर उभे राहिले. टॉवर उभा राहीपर्यंत जी जागा मोकळी असते, तिथे गावातली आणि वस्तीतली पोरे टेनिस बॉलने क्रिकेट खेळतात. स्टंप म्हणून विटा, क्रीज म्हणून चुन्याची रेघ. इथून थोड्याच अंतरावर मावळातील गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे भव्य स्टेडियम आहे. २०१२ साली ते सुरू झाले. मारुंजीच्या प्लॉटवरून गहुंजेच्या मैदानापर्यंतचा रस्ता मोटारसायकलने फार वेळ घेत नाही. पण खेळाडू म्हणून त्या मैदानात पाऊल टाकायचे असेल, तर तो रस्ता किती लांब आहे, हे या पोरांना विचारावे.

या गहुंजेच्या मैदानावर पुण्याच्या नावाने संघ खेळले. २०१० साली पुण्याचा आयपीएल संघ ३७ कोटी डॉलरला विकत घेतला गेला. पुढच्या लिलावात रॉबिन उथप्पावर २१ लाख डॉलर आणि युवराजसिंगवर १८ लाख डॉलर मोजले गेले. निकाल काय लागला? २०११ साली दहा संघांत नववा नंबर, २०१२ साली नऊ संघांत नववा, २०१३ साली नऊ संघांत आठवा. आणि त्याच वर्षी संघ बंद झाला. नंतर दोन वर्षांसाठी पुण्याला दुसरा संघ मिळाला. २०१७ साली त्या संघाने इंग्लंडच्या बेन स्टोक्सला साडेचौदा कोटी रुपये दिले. त्याच संघात महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी अवघ्या दहा लाखांत, म्हणजे मूळ किमतीत होता. स्टोक्सने आपले पैसे वसूल करून दिले, ३१६ धावा आणि १२ बळी अशी त्याची कामगिरी होती. पण सलामीला येऊन ३९१ धावा केल्या त्या दहा लाखांच्या त्रिपाठीने. अंतिम सामना तो संघ एका धावेने हरला. साडेचौदा कोटी आणि दहा लाख यांच्यात १४५ पटींचा फरक आहे. खेळपट्टी मात्र दोघांना सारखीच होती.

संघ उभा करण्याचे मार्ग दोनच. तयार खेळाडू महाग विकत घ्यायचा किंवा घरचे पोर स्वस्तात घेऊन घडवायचे. शहाणा मालक दोन्हींचा मेळ घालतो. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक आयपीएल संघाला १२० कोटींची मर्यादा होती. त्यातले १८ कोटी एका खेळाडूवर गेले, तर बाकीच्यांसाठी हात आखडावा लागतो. म्हणून प्रत्येक संघाला स्वस्तातले, पण गुणी तरुण लागतात. सांगवीचा ऋतुराज गायकवाड थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला. थेरगाव म्हणजे मारुंजीच्या पोरांच्या दृष्टीने जवळपास शेजारच. २०१८ च्या डिसेंबरातील लिलावात चेन्नईने त्याला २० लाखांत घेतले. २०२१ साली त्याने स्पर्धेत सर्वाधिक ६३५ धावा काढल्या. पुढच्या हंगामासाठी त्याला ६ कोटी देऊन ठेवून घेतले, २०२४ साली कर्णधार केले आणि २०२५ साठी १८ कोटी दिले. स्वस्तात घेतलेल्या मुलाला त्याच्या कामाप्रमाणे आधी दाम आणि मग कर्णधारपद मिळाले. चोख हिशेब म्हणतात तो हा.

पण हा हिशेब सर्वांच्या वाट्याला येतो का? आला का? सव्वाशे वर्षांपूर्वी याच पुण्यात एक गोलंदाज घडला. तो घरचाच होता, आणि इतका स्वस्त की त्याच्याइतका स्वस्त पुन्हा कोणाला मिळाला नसेल. त्याने संघाला विजय मिळवून दिले. त्याला दाम मिळाले नाहीत आणि कर्णधारपद तर नाहीच नाही. कारण गुणांच्या खात्यावर त्याच्या जातीची वजाबाकी होत होती. बाळू पालवणकर हे त्यांचे नाव. आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांना ते ठाऊक नसेल. तो दोष त्यांचा नाही, इतिहास लिहिणाऱ्यांचा आहे. म्हणूनच ही हकीकत आम्ही आज सांगत आहोत.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार समाजात झाला. घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे. त्यावरून आडनाव पालवणकर. वडिलांची नोकरी लष्करातली. आपल्या समाजातील ज्या पहिल्या पिढ्यांना अक्षरओळख झाली, अंगावर धड कपडे आले आणि गावकीच्या जोखडाबाहेर श्वास घेता आला, त्यातल्या कितीतरी घरांचा रस्ता पलटणीतूनच गेला आहे. बाबासाहेबांचे घराणेही लष्करातलेच. पालवणकरांचे कुटुंब पुण्याला आले आणि छावणीतील साहेबांचा खेळ बाळू आणि त्यांच्या भावांनी पाहिला. साहेबांनी टाकून दिलेल्या सामानाने ते खेळू लागले. चार भाऊ होते, बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चौघेही पुढे मोठे क्रिकेटपटू झाले. एका घरातून चार खेळाडू देणारी अशी अकादमी कोणत्या मालकाने बांधली होती? कोणीही नाही.

घरची परिस्थिती बेताची, म्हणून शाळा सुटली. पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळूंना काम मिळाले. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. फावल्या वेळात ते सभासदांना गोलंदाजी करीत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार चार रुपये झाला. काम तेच होते. रोलर फिरवा, जाळी बांधा, रेघा मारा आणि साहेबाला सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाका. आजच्या भाषेत सांगायचे, तर बाळू हे क्लबाचे कंत्राटी मैदान कामगार होते आणि गोलंदाजी हे त्यांचे बिनपगारी जादा काम होते.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे नावाजलेले फलंदाज होते. ते रोज इतरांच्या आधी तासभर येत आणि बाळूंना चेंडू टाकायला लावत. आपल्याला बाद केले तर दर वेळी आठ आणे द्यायचे, असा त्यांचा रिवाज होता, असे सांगतात. चार रुपयांच्या पगारात आठ आणे म्हणजे पगाराचा आठवा भाग! या शिदोरीवर बाळूंचा डावखुरा फिरकी मारा तयार झाला. चेंडूला उंची द्यायची, फसवायचे, दोन्ही बाजूंना वळवायचे, कधी सपाट टाकून चकवायचे. तासन्‌तास शेकडो चेंडू टाकून त्यांचा हात बसला. पण पूना क्लबातील एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही फलंदाजी करू दिली गेली नाही, असे सांगतात. बॅट हे साहेबाचे आणि सरदाराचे शस्त्र. घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम. वर्णव्यवस्था क्रिकेटच्या मैदानावरही अशी आपोआप उतरली. ती साहेबांनाही सोयीची वाटली, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

पुण्यातील हिंदूंचा क्लब साहेबांना आव्हान देण्याच्या तयारीत होता. चांगला गोलंदाज हवा होता आणि तो शहरातच रोज रोलर फिरवत होता. संघासमोर प्रश्न उभा राहिला, चर्मकाराला घ्यायचे की नाही? क्लबातील तेलुगू सभासद घ्या म्हणाले, पुण्याच्या ब्राह्मण सभासदांपैकी काहींनी नाक मुरडले. अखेर बाळूंना घेतले गेले. कारण समतेचा साक्षात्कार झाला असे नाही. साहेबाला हरवायचे होते. गरज होती म्हणून दार किलकिले झाले, एवढेच.

ते किती किलकिले झाले, हेही पाहण्यासारखे आहे. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलत होते. त्या चेंडूने कोणाला विटाळ होत नव्हता. पण चहाची वेळ झाली की सर्व खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाला त्यांचे ताट वेगळे. हातपाय धुवायला पाणी द्यायचे तर तेही अस्पृश्य नोकरानेच द्यायचे. चेंडू शिवलेला चालतो, बळी शिवलेला चालतो, विजय शिवलेला चालतो. फक्त कप चालत नाही! पुढे १९२७ साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी जो प्रश्न जगासमोर मांडला, तो पाण्याचाच प्रश्न बाळू पालवणकर पुण्याच्या मैदानावर कित्येक वर्षे आधी मुकाट्याने भोगत होते.

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना झाला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टी रोलरने चांगली ठोकून ठेवली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात बळी घेतले. या विजयानंतर पुण्यात त्यांचे कौतुक झाले. बरोबर खेळता तर बरोबर बसून जेवायला काय हरकत आहे, असा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी उपस्थित केल्याचे सांगितले जाते. हळूहळू मातीचे भांडे गेले आणि कप आला. पण लक्षात घ्या, त्या एका कपासाठी किती बळी घ्यावे लागले! इतरांना तो कप जन्मतःच मिळत होता.

१८९६ साली पुण्या-मुंबईत प्लेग आला. या धामधुमीत बाळू मुंबईला गेले. तेथील हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशावरून कुरबूर झाली आणि तेथेही गुणांनी जातीवर मात केली. नोकरी त्यांना बीबीसीआय रेल्वेत मिळाली. म्हणजे खेळाने नाव दिले, पण पोट नोकरीनेच भरायचे होते. त्या काळी राजेरजवाड्यांना क्रिकेट हा शौक होता, ब्राह्मण पदवीधरांना ती प्रतिष्ठा होती आणि बाळूंसारख्यांना ती कष्टाची कमाई होती.

फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ धावांत गडगडला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. धाकटे बंधू शिवरामही संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, म्हणून शहरात आनंदीआनंद झाला. सुधारक वृत्तपत्रांनी तर लिहिले की, जातीचे बंधन सैल केले म्हणूनच हा विजय मिळाला. बरोबरच होते ते. पण विजयानंतर ते बंधन खरोखर किती सैल झाले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो आपण ठेवला पाहिजे.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. महागडा मानकरी आणि स्वस्त कामकरी यांच्यातील फरक पाहायचा असेल, तर हा दौरा अभ्यासावा. संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वीसच्या आसपास. गुण किती, हा प्रश्नच नव्हता. तिजोरी मोठी होती. महाराज मेजवान्या आणि दरबारी भेटीगाठींत गुंतले आणि मोजकेच सामने खेळले. संघातील उत्तम फलंदाज केकी मिस्त्री महाराजांच्या पदरी होते. महाराज मैदानाबाहेर राहिले की मिस्त्रीही त्यांच्या सेवेत बाहेर. म्हणजे एका बड्या माणसापायी संघाचे दोन खेळाडू गेले! उरलेल्यांच्या खांद्यावर दौरा पडला. त्यातला सगळ्यात मोठा खांदा बाळूंचा होता. तो खांदा दुखत होता, वय पस्तिशीला आलेले होते. संघाने २३ सामन्यांपैकी १५ गमावले, ६ जिंकले. आणि या पडत्या संघात बाळूंनी ११४ बळी घेतले. सरासरी १९ धावांच्याही आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावा देऊन ८ बळी टिपले. काही इंग्लिश कौंटी संघ त्यांना पगारी खेळाडू म्हणून घ्यायला तयार होते, असे सांगितले जाते. चार रुपयांच्या नोकराची खरी किंमत परदेशी लोकांना सहा महिन्यांच्या आत कळली. ती घरच्यांना वीस वर्षांत कळली नव्हती.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्कारातील मानपत्राशी कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाचे नाव जोडले जाते. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांना बाळूंविषयी तरुणपणी अभिमान वाटत होता. आपल्यातला माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाच्या दांड्या उडवून आला, ही गोष्ट त्या काळच्या चाळींत आणि वस्त्यांत काय बळ देऊन गेली असेल, याची कल्पना करा.

आता कर्णधारपदाची गोष्ट. १९०७ साली मुंबईत तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. हिंदू संघात बाळू सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी. खेळाची जाण अशी की कर्णधार त्यांचा सल्ला घेत. मग कर्णधार तेच का नाहीत? दरवर्षी प्रश्न निघायचा आणि दरवर्षी उत्तर ब्राह्मण खेळाडूचे नाव असायचे. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा आहे, असे जाहीर समारंभात सांगून टाकले. पैंचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. पण निवड समितीच्या कानांवर त्याचा परिणाम झाला नाही.

१९२० साली कहर झाला. बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी असल्याने नवा कर्णधार हवा होता. विठ्ठल हे त्या काळचे अव्वल फलंदाज. त्यांना डावलून पुण्याच्या दि. ब. देवधर यांना कर्णधार केले. देवधर चांगले खेळाडू होते, यात वाद नाही. वाद निवडीच्या निकषाचा होता. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि आपल्यावरील अन्याय जातीमुळे आहे, हे वृत्तपत्रांतून जाहीरपणे मांडले. हे वर्ष नीट लक्षात घ्या. याच १९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांनी मूकनायक सुरू केले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. जे मुके होते ते बोलू लागले होते, आणि क्रिकेटच्या मैदानावर पालवणकर बंधू बोलले. त्यांच्या बहिष्काराचा परिणाम झाला. अंतिम सामन्यासाठी दोघे भाऊ परत आले, पै परतले आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. त्या सामन्यात पै मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला आयुष्यभराच्या कामाचे एवढेच फळ, काही वेळापुरते कर्णधारपद, तेही दुसऱ्याच्या जागी.

पण वाट तयार झाली होती. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याने रोलर फिरवला, मधल्यांनी आवाज उठवला, धाकट्याने संघ चालवला. घराण्याने मिळून पूर्ण केलेले हे काम आहे. विठ्ठल यांनी १९४८ साली मराठीत आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले, म्हणून यातले बरेच आपल्याला कळते. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास, एवढे आकडे त्यांच्यामागे राहिले.

बाळूंच्या आयुष्यातील यापुढचा भाग चळवळीच्या वाचकाला टोचणारा आहे आणि आम्ही तो झाकणार नाही. राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला उभे राहिले. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती त्यांना पटली नाही. आणि १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब जिंकले. ज्याच्या सत्काराशी तरुण भीमरावांचे नाव जोडले जाते, तोच माणूस पंचवीस वर्षांनी समोर उमेदवार म्हणून उभा होता!

यावरून बाळूंना शिव्या देणारे आमच्यात आहेत. आम्हाला ते मान्य नाही. बाळूंचे राजकीय मत चुकीचे होते, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. पण ते मत कुठून आले, हेही समजून घेतले पाहिजे. ज्या माणसाने एकेक बळी घेऊन मातीच्या भांड्यापासून कपापर्यंतचा प्रवास केला, त्याला हिंदू समाज हळूहळू बदलेल असा विश्वास वाटला असेल, तर त्यात आश्चर्य नाही. त्याच्या अनुभवाने त्याला तसे शिकवले होते. बाबासाहेबांचा अनुभव आणि अभ्यास त्यापलीकडे गेला होता. एकेका गुणवंताला कप मिळाला म्हणून समाजाला पाणी मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आणि ज्यांनी बाळूंना तिकीट दिले, त्यांचा हेतू काय होता? चौदा वर्षांत ज्यांच्या समाजाने या माणसाला एकदाही पूर्ण सामन्याचा कर्णधार होऊ दिले नाही, त्यांनाच बाबासाहेबांना पाडायचे म्हटल्यावर बाळूंची आठवण झाली. म्हणजे राजकारणातही त्यांना चेंडूच टाकायला लावले. निवड समिती तीच राहिली. आज आपल्यातले गुणी कार्यकर्ते असेच हेरले जातात. मेहनत आपल्या वस्तीने करायची, माणूस आपल्या वस्तीने घडवायचा आणि तयार झाला की मोठ्या पक्षाने त्याला उचलून आपल्याच विरुद्ध उभा करायचा. हा लिलाव टीव्हीवर दिसत नाही, एवढाच फरक.

हा अनुभव फक्त आपला नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांनी काळ्या खेळाडूंना कित्येक दशके दारात उभे केले नाही. काळ्या लोकांनी आपल्या वेगळ्या लीग उभ्या केल्या, त्यात खेळाडू घडवले. १९४५ साली ब्रुकलिनच्या संघाचे ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले आणि १९४७ साली तो मोठ्या लीगमध्ये खेळला. वर्णभेदाची भिंत फुटली, ही मोठीच गोष्ट. पण रॉबिन्सन ज्या कान्सास सिटी मोनार्क्स या काळ्या संघात खेळत होता, त्या संघाला रिकी यांनी एक छदामही दिला नाही. हेच रिकी त्याआधी लहान गावांतल्या संघांत तरुण पोरे स्वस्तात तयार करून मोठ्या संघाला पुरवायची पद्धत बसवण्यासाठी प्रसिद्ध होते. तिथे आजही तरुण खेळाडू पहिली सहा वर्षे संघाच्या ताब्यात असतो आणि त्यातली पहिली तीन वर्षे बहुतेकांना किमान पगाराच्या आसपास राबावे लागते. वाचलेल्या पैशातून महागडे तारे विकत घेतले जातात. म्हणजे ताऱ्याच्या पगाराचा मोठा भाग स्वस्त पोराच्या घामातून येतो. मात्र सहा वर्षांनी त्या पोराला बाजारात उभे राहून आपली किंमत मागता येते. बाळूंची सहा वर्षे कधी संपलीच नाहीत.

स्वस्तात घरचे पोर घेणे यात गैर काही नाही. संघाला ते परवडते, पोराला संधी मिळते. गैर तेव्हा होते, जेव्हा त्या पोराला कायम स्वस्तच ठेवले जाते. बळी त्याचे, मान दुसऱ्याचा. रोलर त्याचा, कर्णधारपद दुसऱ्याचे. घडवणाऱ्या वस्तीला काही मिळत नाही आणि घडलेल्याला निर्णयाच्या खुर्चीवर बसू दिले जात नाही. संघाचा तोल पैशाने साधत नाही, न्यायाने साधतो. हे क्रिकेट संघाला लागू आहे, पक्षाला लागू आहे आणि आपल्या संघटनांनाही लागू आहे. आपल्याकडेही वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता सतरंज्याच उचलतो आणि बाहेरून आलेला बडा माणूस आल्या दिवशी व्यासपीठावर बसतो. तेव्हा आपण कोणती निवड समिती झालो असतो, हे स्वतःला विचारायला हवे.

बाळू पालवणकर यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ती पाहायला ते नव्हते. त्यांचे नाव नंतर कितीतरी वर्षे क्रिकेटच्या इतिहासातून जवळजवळ पुसले गेले. रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या ग्रंथाने ते पुन्हा पुढे आणले. म्हणजे आपला माणूस आपल्याला दुसऱ्यांनी दाखवून द्यावा लागला. ही आपल्यासाठीही विचार करण्याची बाब आहे.

मारुंजीच्या प्लॉटवर आज संध्याकाळी पुन्हा डाव मांडला जाईल. त्यातल्या एखाद्या पोराचा भाऊ आयटी कंपनीच्या गेटवर कंत्राटी सुरक्षारक्षक असेल, आई तिथेच साफसफाईच्या कंत्राटावर असेल. करार हा शब्द खेळाडूसाठी कोटींचा आणि त्यांच्यासाठी दर अकरा महिन्यांनी तुटण्याचा. त्या पोराच्या हातात फिरकी असेल, तर ती ओळखणारा डोळा आणि विकेट टाकायला मैदान त्याला मिळाले पाहिजे. ज्या गावांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, त्या गावांत पोरांसाठी एक खुले मैदान राखून ठेवावे, तिथे जाळी आणि प्रशिक्षक असावा, आणि वस्तीतल्या पोराला तिथे फी न मागता प्रवेश असावा, अशी मागणी आपण ग्रामपंचायतीपासून क्रिकेट संघटनेपर्यंत सर्वांकडे केली पाहिजे. आणि त्या मैदानाला नाव द्यायचेच असेल, तर बाळू पालवणकरांचे द्यावे. त्या मैदानावर रोलर सगळ्यांनी फिरवावा आणि कर्णधार गुणांवर ठरावा. चहाचे कप अर्थातच सगळ्यांचे एकाच किटलीखाली असावेत.